डावा कान

उमाकांत टिपणिसाला कुणी “जपून हं” म्हटलं, की तो मुद्दाम पाऊल आपटत चालायचा. स्वभावच तसा. मद्रासच्या एग्मोर भागातल्या कानाच्या डॉक्टरनं त्याच्यासमोर आलेख धरला आणि सांगितलं, “डावा कान गेल्यात जमा आहे. उजवा फार तर वर्षभर साथ देईल. आता गाणंबिणं विसरा आणि लोकांचे ओठ वाचायला शिका.” दुसरा कुणी असता तर घरी जाऊन आडवा झाला असता. हा गृहस्थ तिथून निघाला तो थेट माउंट रोडला, आणि विचारत सुटला, की मद्रासमध्ये गाणं ऐकायचं सगळ्यात चांगलं यंत्र कुठं मिळतं.

साल चौऱ्याऐंशी. उमाकांत बावन्न वर्षांचा. रेल्वेच्या सिग्नल खात्यात इन्स्पेक्टर. मूळ गाव सांगलीकडचं, पण तेवीस वर्षं पेरांबूरच्या क्वार्टरमध्ये काढलेली. टिपणिसांचे कान पन्नाशीला जातात हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आजोबांचे गेले, थोरल्या काकांचे गेले, वडिलांचे गेले. वडील गाण्याचे एवढे शौकीन, पण शेवटची अकरा वर्षं देवळात भजन सुरू झालं की जाऊन खांबाला पाठ लावून बसायचे. निदान थरथर तरी लागते म्हणून. पोरं मागून हसायची. ते आठवलं की उमाकांतला रडू यायचं नाही, संताप यायचा.

“मी खांबाला टेकून बसणार नाही,” तो बायकोला म्हणाला. “कान जायचेत ना? जाऊ देत. पण मी त्यांना वाजतगाजत पाठवीन.”

“वा! बहिऱ्याच्या घरी बाजा,” विद्युलता म्हणाली. “आत्ता कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, तुम्ही किती ऐकल्यात?”

“एक.”

“मग?”

“मग त्या एकीवर गॅस बंद करत जा.”

ती हसली आणि त्याच्या उजव्या बाजूला येऊन बसली. गेलं वर्षभर ती न सांगता उजव्याच बाजूला बसत होती, हे त्याच्या ध्यानात आलेलं होतं. दोघांनीही तो विषय कधी काढला नाही.

रिची स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत ट्रान्झिस्टर दुरुस्त करणाऱ्यांची दुकानं आहेत. त्यांतल्या एकाच्या डोक्यावर, लाकडी जिना चढून गेलं की राणोजीरावांची जागा. राणोजीराव तंजावरचे मराठी. साठीचे, पांढरी लुंगीवजा वेष्टी, कानांत लाल खड्याच्या कुड्या. परदेशी साहेब बदली होऊन निघाले, बोटीवरच्या एखाद्या कप्तानाला पैशाची गरज पडली, की त्यांची यंत्रं ह्यांच्याकडे येत. पाटी नाही, जाहिरात नाही. ज्याला हवं तो विचारत येई.

“कोण, तुम्ही महाराष्ट्राकडचे कां?” उमाकांतचं मराठी ऐकून म्हातारा खुलला. “बसा की. काफी घ्या आधी. मग अस्कं दाखवतों.”

‘अस्कं’ म्हणजे सगळं. तंजावरचं मराठी उमाकांतला नेहमी मजेदार वाटे. शब्द आजोबांच्या काळचे आणि सूर तमिळ. म्हाताऱ्यानं खरोखर अस्कं दाखवलं. आणि उमाकांतचा डोळा ठरला तो कोपऱ्यातल्या एका जोडणीवर. विलायती बनावटीचा वॉल्व्हचा अॅम्प्लिफायर, वजनानं पाट्यासारखा, त्याच्यासोबतची रेकॉर्ड फिरवायची जड तबकडी आणि कमरेएवढे उंच दोन लाकडी स्पीकर.

“ते राहूं द्या,” राणोजीराव म्हणाले. “जुनं आहे.”

“जुनंच घ्यायला आलोय.”

“दुसरं चांगलं आहे, जपानी—”

“हेच.”

झालं! नको म्हटलं की संपलंच. म्हाताऱ्यानं जरा वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि आपला नियम सांगितला. तीन शनिवार यायचं, दुपारी दोनला. जे रेकॉर्ड पाठ आहे ते घेऊनशानी यायचं. तीन बैठका पुऱ्या झाल्याशिवाय घेतों म्हणायचं नाही आणि नको पण म्हणायचं नाही. “उसन्या उत्साहात माणूस काय पण घेतो, सार. मग महिन्यानं परत आणतो. मला परत घ्यायला आवडत नाही.”

निघताना उमाकांत रीतीप्रमाणे म्हणाला, “येतो.”

“पोयिट्टु वांगो,” राणोजीराव तमिळमध्ये म्हणाले.

जिना उतरताना उमाकांतच्या कपाळाला आठी पडली. तीनशे वर्षं तमिळ मुलखात राहून ज्यांनी मराठी टिकवलं, त्या माणसानं मराठी पाहुण्याला दारात ‘या’ म्हणू नये? एवढं गोड बोलून शेवटी तमिळ? विक्षिप्त म्हातारा, असं म्हणून त्यानं तो विषय सोडला.

पहिला शनिवार. मे महिना, मद्रासचं भाजून काढणारं कत्तिरी ऊन, डांबर चपलेला चिकटतंय. ऐकण्याच्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतींना काथ्याच्या चटया ठोकलेल्या, जमिनीवर जाजम आणि दोन लोड. पंख्याची घरघर नको म्हणून राणोजीरावांनी पंखा बंद केला. उमाकांतनं मुलतानीचं रेकॉर्ड आणलं होतं. लग्नाच्या वर्षी घेतलेलं, त्यातला प्रत्येक ओरखडासुद्धा ओळखीचा.

सुई टेकली आणि तानपुरा सुरू झाला.

उमाकांत लोडावरून पुढे सरकला. सहा-सात वर्षांत त्यानं तानपुरा असा ऐकलाच नव्हता. घरी ऐकू यायची ती नुसती गुणगुण. इथं तार सुटल्यावर जो बारीक पिसारा फुलतो, तो त्याला स्पष्ट ऐकू आला. गाणाऱ्या बाईनं षड्ज लावण्याआधी घेतलेला श्वास ऐकू आला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि तो ते पुसायलाही विसरला.

आणि मग, विलंबित लयीत बाई निषादावर थांबलेली असताना, खुर्ची करकरली.

वेताची खुर्ची. कुणीतरी अंग टेकलं असावं, तशी. त्यानं वळून पाहिलं. खोलीत खुर्ची नव्हतीच. राणोजीराव उंबऱ्यावर मांडी घालून बसले होते.

रेकॉर्डमध्येच असेल, उमाकांतनं ठरवलं. गाताना कुणी साथीदार बसलेला असेल. ह्याआधी आपल्या भंगार रेडिओग्रामवर ऐकू आलं नसेल, एवढंच. सिग्नलवाला माणूस, त्याला कारण सापडलं की झोप लागते. त्याला त्या रात्री छान झोप लागली.

दुसऱ्या शनिवारी तो हुशारीनं निराळं रेकॉर्ड घेऊन गेला. सनईचं. सनईवाला काही वेताच्या खुर्चीत बसून वाजवत नाही.

पाचव्या मिनिटाला खुर्ची करकरली. मग खाकरल्याचा आवाज आला. मग पेला फरशीवर ठेवल्याचा. पितळी असावा, आवाजाला वजन होतं.

उमाकांत उठला. बाह्या सरसावल्या. सिग्नल खात्यात दोष शोधायची एकच रीत, एकेक भाग सुटा करत जायचं. त्यानं तबकडी थांबवली. सनई थांबली, खुर्ची चालूच. त्यानं स्पीकरच्या तारांची अदलाबदल केली, डावीची उजवीला. आवाज जागचा हलला नाही, त्याच्या डाव्या अंगालाच राहिला. मग त्यानं डाव्या स्पीकरची तार उपटून टाकली. बोट लावून पाहिलं, स्पीकरचा कागद मेल्यागत स्वस्थ. तरी डावीकडून आवाज येतच होता. शेवटी त्यानं अॅम्प्लिफायरचं बटण दाबलं. वॉल्व्हचा लाल उजेड विझत गेला आणि त्याबरोबर खुर्चीही.

“काय शोधतां?” राणोजीराव दारातून म्हणाले.

“फॉल्ट.”

“सांपडला?”

“थांबा जरा.”

त्यानं यंत्र पुन्हा चालू केलं, सनई पुन्हा लावली आणि एक अगदी साधी गोष्ट केली. उजव्या कानात बोट घातलं.

सनई गडप. जाणारच, कारण डावा कान मेलेला. पण खुर्चीत बसलेला माणूस नाकानं श्वास घेत होता, तो मात्र लख्ख ऐकू येत होता. मेलेल्या कानानं.

घाबरायची ही जागा होती, हे कबूल. कुणीही घाबरलं असतं. पण उमाकांत टिपणिसाच्या अंगावर जो काटा आला तो आनंदाचा. डॉक्टरनं आलेखावर ज्या कानाची रेघ तळाला नेऊन ठेवली होती, तो कान ऐकत होता! काय ऐकत होता हा पुढचा प्रश्न.

“राणोजीराव, तुम्हाला ऐकू येते का हो ही खुर्ची?”

म्हातारा कुडीला बोट लावून फिरवत राहिला. “लहानपणीं मला गालगुंड झालं,” तो शेवटी म्हणाला. “तेव्हांपासनं माझा डावा कान बंद आहे.” एवढं बोलून तो काफी आणायला उठला. परत आल्यावर त्यानं विषय बदलला.

“मी यंत्र घेतलं,” उमाकांतनं जाहीर केलं.

“अजून एक शनिवार आहे, सार.”

तिसऱ्या शनिवारी उमाकांतनं विद्युलतेला बरोबर नेलं. तिला सगळं सांगितलं होतं. तिनं त्याच्याकडे संशयानं पाहिलं होतं आणि मग नेसायला चांगली साडी काढली होती. “दुपारच्या भुताला भेटायचं, तर पातळ तरी बरं हवं,” असं म्हणत. जिना चढताना मात्र तिनं त्याचा हात धरला.

तिघं बसली. पुन्हा मुलतानी. विद्युलता पहिल्या पाच मिनिटांतच विसरली की ती कशाला आलीये. ती डोळे मिटून ऐकत होती. तिला खुर्ची ऐकू आली नाही, पेला ऐकू आला नाही. उमाकांतला सगळं ऐकू येत होतं. आज तो माणूस गुडघ्यावर ठेका धरत होता. समेवर बरोब्बर थाप पडे. जाणकार होता लेकाचा! उमाकांतलाही मौज वाटू लागली. दोन जाणकार शेजारी बसून गाणं ऐकतात, मधे एकदा ‘वा’ म्हणतात, तसं काहीतरी जमत चाललं.

बाजू संपली. सुई शेवटच्या रेघेत फिरू लागली.

खुर्ची करकरली. कुणीतरी उठलं. आणि अगदी घरच्या माणसासारखा, थोडा अनुनासिक, शांत आवाज आला.

“येतों मग.”

“या, या,” उमाकांत म्हणाला.

म्हणाला म्हणजे काय, तोंडातून गेलं. पन्नास वर्षांची सवय. दारातून कुणी ‘येतो’ म्हटलं की आपलं डोकं विचार करत नाही, जीभच उत्तर देते.

विद्युलतेनं डोळे उघडले. “कोणाला या म्हणालात?”

राणोजीराव उंबऱ्यावरून उठले होते. साठीचा माणूस, पण दोन ढांगांत भिंतीपाशी गेले आणि मेन स्विच खाली ओढला. खोलीत काळोख झाला. फक्त जिन्याकडच्या दारातून दुपार आत येत होती.

“काय म्हणालां तुम्ही?” ते म्हणाले. “नीट सांगा. काय शब्द म्हणालां?”

“तो येतो म्हणाला. मी या म्हणालो.”

म्हातारा भिंतीला पाठ लावून खाली बसला.

“सात वर्षं,” तो म्हणाला. “सात वर्षं तो दर बैठकीला उठतो, येतों म्हणतो, आणि मी दांत दाबून गप्प बसतों. तमिळ गिऱ्हाईकाला भय नाही. त्याला ऐकूं आलं तरी तो काय म्हणेल? पोयिट्टु वांगो. जाऊन या. आधी जा म्हणेल, मग या. आपली मराठी माणसं मर्यादेपायीं जा म्हणतच नाहीत. अशुभ म्हणतात. जाणाऱ्याला नुसतं या म्हणतात.” त्यानं हात जोडले. कुणाला ते कळलं नाही. “म्हणून मी दारांत तमिळ बोलतों. घरीं पण. माझी सून म्हणते, मामा मराठी विसरले.”

“पण तो आहे कोण?” विद्युलतेनं विचारलं.

“मला काय ठाऊक, आक्का! ज्या बंगल्यातनं ही पेट्टी आली त्या बंगल्यात मराठी कुणी नव्हतं. गोरा साहेब होता, एकटा. त्याचे पण कान गेले होते.”

खाली गल्लीत कुणीतरी ट्रान्झिस्टर लावून बघत होतं, स्टेशनं बदलत होतं.

“ठीक आहे,” उमाकांत उठत म्हणाला. “बोलावलं तर बोलावलं. पाहुणा येईल, गाणं ऐकेल. माझ्या घरी काय वाईट आहे? यंत्र बांधून द्या.”

“अहो!” विद्युलता म्हणाली.

“काय अहो? सगळे डॉक्टर मिळून माझा कान जिवंत करू शकले नाहीत. ह्यानं केला. मग तो भूत असो नाहीतर भुताचा बाप. मी खांबाला टेकून अकरा वर्षं काढणार नाही, लता. सांगून ठेवतो.”

त्याचा आवाज शेवटी फुटला. तिनं त्याच्या खांद्यावरचा सुताचा धागा काढला आणि फेकून दिला.

“घेऊन जा,” राणोजीराव म्हणाले. “आता यंत्र नेलं काय अन् ठेवलं काय.”

दारात उमाकांत सवयीनं “येतो” म्हणाला. म्हातारा ह्या खेपेला तमिळ बोलला नाही आणि मराठीही बोलला नाही.

यंत्र पेरांबूरला आलं आणि काहीच झालं नाही.

मुलतानी वाजली, सनई वाजली, विद्युलतेच्या आवडीची नाट्यगीतं वाजली. वरच्या मजल्यावरच्या रेल्वेगार्डानं दोनदा येऊन तक्रार केली आणि तिसऱ्यांदा येऊन तो ऐकत बसला. खुर्ची करकरली नाही. कुणी खाकरलं नाही. डावा कान पुन्हा दगड. उमाकांत रोज उजव्या कानात बोट घालून बसायचा, पंधरा-पंधरा मिनिटं, आणि मग यंत्राला शिव्या घालायचा. “ये म्हटलं तर येत नाही. कसला पाहुणा तू!”

जूनमध्ये त्याला कोकिळा ऐकू येईनाशी झाली. जुलैत दाराची घंटा. ऑगस्टमध्ये टेलिफोनवरचा साहेब काय म्हणतो ते कळेना, तेव्हा त्यानं खोटं खोटं “लाइन खराब आहे” म्हणून तीन आठवडे रेटले. सप्टेंबरच्या एका सकाळी तो उठला तेव्हा विद्युलता ओट्यापाशी उभी होती, कुकरचं वजन उड्या मारत होतं, वाफ छताला लागत होती आणि घरात काही म्हणजे काही आवाज नव्हता.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिला कळलं. तिनं गॅस बंद केला आणि पदर तोंडात कोंबून रडू लागली. ते रडणंही त्याला ऐकू आलं नाही.

तो रडला नाही. तो तरातरा बाहेरच्या खोलीत गेला, मुलतानीचं रेकॉर्ड लावलं आणि आवाज पुरा चढवला. तबकडी फिरत होती. त्यानं नकळत स्पीकरवर तळहात ठेवला. थरथर लागली. लागताक्षणी त्यानं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. “नाही!” तो ओरडला. “खांबाला टेकणार नाही म्हणजे नाही!”

तेव्हा खुर्ची करकरली.

वेताची खुर्ची. घरात लोखंडी घडीच्या चार खुर्च्या होत्या, वेताची एकही नव्हती. डाव्या कानात, खोलीच्या त्या टोकाला, कुणीतरी अंग टेकून बसलं, पेला खाली ठेवला आणि गुणगुणू लागलं.

मुलतानी. त्या क्षणी रेकॉर्डवर जे चाललं होतं तेच. उमाकांतला रेकॉर्ड ऐकू येत नव्हतं, पण तो माणूस ऐकत होता, आणि ऐकत ऐकत गात होता.

उमाकांत मोठ्यानं हसला. विद्युलता धावत बाहेर आली, तर नवरा जमिनीवर बसून मांडीवर ताल धरतोय, आणि समेवर बरोब्बर येतोय.

पुढचे सहा आठवडे त्याचे मजेत गेले, हे सांगायलाच हवं. लोक समजतात असल्या गोष्टीत माणूस झुरतो, वाळतो. उमाकांतचं वजन वाढलं. ऑफिसातून आला की तो रेकॉर्ड लावी आणि पाहुण्याच्या गळ्यातून ऐकत बसे. कधी पाहुण्याचा सूर घसरला, तर हा खेकसे, “कोमल आहे तो, कोमल! नीट लाव!” आणि पाहुणा नीट लावी. विद्युलता दारात उभी राहून हे बघे. तिनं एक दगडी पाटी आणली होती. ती त्यावर लिही, “कोणाशी बोलता?” तो म्हणे, “माझ्या कानाशी.”

फक्त एक गोष्ट त्यानं तिला सांगितली नाही.

पाहुणा जागा बदलत होता. आधी तो खोलीच्या त्या टोकाला बसे. दसऱ्याच्या सुमाराला यंत्रापाशी आला. मग उमाकांतच्या अगदी शेजारी. इतका, की श्वास कानाच्या पाळीला लागावा. आणि नंतर खुर्ची करकरेनाशी झाली. नुसतं गुणगुणणं राहिलं, आणि ते कुठून येतं हे काही केल्या कळेना.

एका दुपारी त्यानं सहज गळ्यावर बोटं ठेवली. गळा थरथरत होता.

तो गात नव्हता. त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले. थरथर थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी विद्युलतेनं पाटीवर लिहिलं, “डॉक्टरांकडे चला. माझ्यासाठी.” तो म्हणाला, “चल. दाखवतोच त्याला.”

एग्मोरच्या दवाखान्यात तपासणीची काचेची खोली आहे. आत एक स्टूल. कानांवर हेडफोन चढवतात, हातात तारेला लावलेलं बटण देतात. आवाज आला की दाबायचं. दाबलं की बाहेर डॉक्टरच्या टेबलावर दिवा लागतो. उमाकांतला हे पाठ होतं. त्याचं काम दिव्यांचंच.

दार बंद झालं. काचेपलीकडे डॉक्टर, त्याच्या मागे विद्युलता, पर्स पोटाशी धरून.

उमाकांत बसला. शांत. आत काहीच नव्हतं, डावीकडे नाही, उजवीकडे नाही. गुणगुणणंही नव्हतं. ऐकू येत नाही तर दाबणार नाही, त्यानं ठरवलं. टिपणीस बहिरे होतात, लबाड होत नाहीत.

दिवा लागला.

त्यानं हाताकडे पाहिलं. अंगठा बटणावर टेकलेला होता.

त्यानं अंगठा उचलला. निदान उचलायचं मनात आणलं. अंगठा आपोआप वर आला, थांबला आणि पुन्हा खाली गेला. दिवा लागला. पुन्हा लागला. डॉक्टर पुढे वाकून रेघ ओढत होता, पुसत होता, वर ओढत होता.

“हात माझा आहे,” उमाकांत म्हणाला. म्हणजे म्हणणार होता. जबडा हलला नाही.

डॉक्टर दार उघडून आत आला. आलेखावरच्या डाव्या कानाच्या रेघेवर त्यानं बोट ठेवलं. रेघ अगदी वर होती, तरण्याबांड पोराची असते तशी. डॉक्टरचे ओठ हलत होते. तो काहीतरी विचारत होता. उमाकांतला एक अक्षर ऐकू आलं नाही.

त्याचं तोंड उघडलं. छातीत थरथर झाली, घशात झाली, जीभ टाळूला लागली, सुटली. तो काहीतरी बोलला. डॉक्टर हसला आणि त्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली.

उमाकांतनं दात दाबले. जीव एकवटून दाबले. दात दाबले गेले नाहीत.

विद्युलता आत आली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. पाटी तिनं बाहेरच ठेवली होती. ती त्याच्या डाव्या बाजूला आली, वर्षा-दीड वर्षानं, आणि पायांच्या बोटांवर उभी राहून त्याच्या कानात काहीतरी म्हणाली.

त्याला तिचा श्वास कानाला लागला. शब्द नाही.

मग त्याच्या घशात थरथर झाली. चार-पाच शब्द असावेत. सावकाश बोललेले.

विद्युलता मागे सरली, पदर खांद्यावर ओढला आणि लाजली. सव्वीस वर्षांच्या संसारात उमाकांतनं तिला कधी असं लाजताना पाहिलं नव्हतं.